कारणाचा रकाना : शालेय भूमितीतील सिद्धतालेखनाचा आढावा

माण तालुक्यात दहिवडीला जा, म्हसवडला जा किंवा गोंदवल्याला, नववी-दहावीच्या भूमितीच्या तासाला फळ्याची मांडणी साधारण सारखीच असते. वर आकृती, तिच्याखाली पक्ष आणि साध्य, लागलीच तर रचना, आणि मग सिद्धता. सिद्धतेत डावीकडे विधान, उजवीकडे त्याचे कारण. काही शिक्षक मधे उभी रेघ ओढून दोन रकाने पाडतात, काही जण टिंबांची ओळ देऊन कंसात कारण लिहितात. दोन्हींतली मागणी एकच : जे म्हणशील ते कशावरून, हे त्याच ओळीत सांग.

ही मागणी रास्त आहे, याबद्दल गणित शिकवणाऱ्यांत फारसे दुमत नाही. दुमत आहे ते मांडणीच्या परिणामाबद्दल. या सवयीने मूल कारण द्यायला शिकते, की कारणाची मोकळी जागा भरायला शिकते? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, त्यात दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत, आणि बोर्डाच्या परीक्षेमुळे तो दरवर्षी आपल्या प्रत्येक दहावीच्या वर्गात येऊन पोचतो.

मांडणी कुठून आली

इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ रचली तेव्हा त्यात रकाने नव्हते. त्याची सिद्धता सलग गद्यात वाहते. कोणत्या पायरीला आधीचे कोणते प्रमेय आधार देते, ते बहुतेक ठिकाणी वाचकाने ओळखायचे असते. शेजारी प्रमेयांचे क्रमांक घालण्याचे काम पुढच्या संपादकांनी केले.

आपल्याकडे ‘कशावरून’ या प्रश्नाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त नियम सूत्ररूपाने येतात आणि त्यांची उपपत्ती टीकाकार देतात. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ च्या सुमारास लिहिलेली ‘बुद्धिविलासिनी’ ही अशीच टीका. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे परिघ आणि व्यासाचा चौथा हिस्सा यांचा गुणाकार, हा लीलावतीतला नियम. गणेश दैवज्ञ त्याचे कारण देताना वर्तुळाचे दोन अर्धे करायला सांगतात. प्रत्येक अर्ध्याचे मध्यापासून सुईसारख्या टोकदार तुकड्यांत भाग पाडायचे, दोन्ही अर्धे उलगडून सरळ करायचे आणि एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत बसवायचे. आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परिघ आणि रुंदी अर्धा व्यास. आजही हा प्रयोग शाळेत कागद कापून करतात. यात पायऱ्या मोजलेल्या नाहीत आणि कारणे वेगळी काढलेली नाहीत, तरी नियम का खरा ते डोळ्यांपुढे उभे राहते. पुढच्या वादात ही उपपत्ती पुन्हा लागणार आहे.

इंग्रजी अमदानीत पाश्चात्त्य भूमिती मराठीत आली. जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात मुंबईत हटनच्या गणितग्रंथाच्या आधारे मराठी पुस्तके तयार केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकच्या उमेदवारांना युक्लिड करावा लागू लागला. ‘करणे’ म्हणजे बऱ्याचदा पाठ करणे. खुद्द इंग्लंडमध्येही तीच तक्रार होती. तिथे १८७१ मध्ये भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी शिक्षकांनी संघटना काढली, १९०१ मध्ये ग्लासगोच्या सभेत जॉन पेरी यांनी घोकंपट्टीविरुद्ध आवाज उठवला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत केंब्रिजने परीक्षेतला युक्लिडच्या क्रमाचा आग्रह सोडला.

दोन रकान्यांची मांडणी मात्र अमेरिकेतली. १८९३ मध्ये तिथल्या ‘दहा जणांच्या समिती’ने माध्यमिक शाळांसाठी अहवाल दिला. पाठ्यपुस्तकातली प्रमेये पाठ करण्यापेक्षा मुलांनी न पाहिलेल्या प्रश्नांच्या सिद्धता स्वतः रचाव्यात, या विचाराला त्यातून बळ मिळाले. हेतू उदात्त, पण वर्गातल्या सगळ्या मुलांना ते शिकवायचे कसे आणि तपासायचे कसे, ही अडचण लगेच उभी राहिली. शुल्ट्झ आणि सेव्हनोक यांच्या १९१३ च्या पाठ्यपुस्तकात विधान आणि कारण उभ्या रेघेच्या दोन बाजूंना छापलेले दिसते, आणि ही पद्धत झपाट्याने रूढ झाली. पॅट्रिसिओ हर्ब्स्ट यांनी २००२ मध्ये या इतिहासाचा बारकाईने शोध घेतला. त्यांच्या मते या मांडणीमुळे सिद्धतालेखन हे ‘सर्वांना शिकवता येण्याजोगे’ काम बनले. त्याची किंमत अशी पडली की नवे काही जाणून घेण्यासाठी सिद्ध करणे आणि सरावासाठी सिद्ध करणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटल्या. माझ्या वाचनात या विषयावरचे हे सर्वांत समतोल निदान आहे.

आज महाराष्ट्रात

बालभारतीची सध्याची पुस्तके नववीला २०१७ पासून आणि दहावीला २०१८ पासून लागली. भूमिती ‘गणित भाग २’ मध्ये येते. समांतर रेषा आणि त्रिकोण नववीत, समरूपता, पायथागोरसचे प्रमेय आणि वर्तुळ दहावीत, असा सिद्धतेचा मुख्य भार आहे. पुस्तकात उभी रेघ नाही. विधानानंतर टिंबे आणि कंसात कारण येते, आणि पुढे लागणाऱ्या विधानांना रोमन अंक दिलेले असतात. रेघ गेली, पण रकान्याचा विचार कायम आहे.

परीक्षेत भाग २ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तिच्यात ‘कृती पूर्ण करा’ हा प्रकार आला. सिद्धता बरीचशी छापलेली असते, मधले चौकोन रिकामे असतात, कुठे विधानातली एक बाजू, कुठे कारण. पर्याय वगळता कृतींना ७ गुण आहेत. प्रमेयाची पूर्ण सिद्धता किंवा अनोळखी उदाहरण इतर प्रश्नांत विचारले जाते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत सिद्धता बरीचशी सलग वाक्यांत चालते आणि गणितातील सिद्धता म्हणजे काय यावर वेगळे परिशिष्ट आहे. माणदेशातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. अशा घरांतली मुले एका राज्याच्या मंडळातून दुसऱ्यात जातात तेव्हा विषय तोच राहतो आणि लिहिण्याची रीत बदलते.

एक सिद्धता जवळून

वादातले मुद्दे हवेत राहू नयेत म्हणून माणच्या मातीतले एक उदाहरण घेऊ. गावांच्या जलसंधारणाच्या २०१८ मधल्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातले टाकेवाडी पहिले आले. त्या काळात दुष्काळी तालुक्यांतल्या शिवारांत गावोगाव समतल चर खणले गेले. समपातळीची रेषा आखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ए-फ्रेम : दोन सारखे पाय, त्यांना जोडणारी आडवी पट्टी आणि वरच्या टोकातून सोडलेला ओळंबा. ओळंब्याची दोरी पट्टीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असे समजायचे. कशावरून?

वरचे टोक अ, पट्टीची टोके ब आणि क, पट्टीचा मध्य म.

अब = अक … (पक्ष)
बम = कम … (म हा बक चा मध्यबिंदू)
अम = अम … (सामाईक बाजू)
∆अबम ≅ ∆अकम … (बाबाबा कसोटी)
∠अमब = ∠अमक … (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
∠अमब + ∠अमक = १८०° … (रेषीय जोडीतील कोन)
म्हणून ∠अमब = ९०°.

दोरी उभी लोंबते, पट्टी तिला लंब आहे, म्हणून पट्टी आडवी. पाय सारख्या लांबीचे आणि पट्टी दोन्हींकडे सारख्याच अंतरावर ठोकलेली, म्हणून पायांची टोके जोडणारी रेषा पट्टीला समांतर, म्हणजे तीही आडवी. सात ओळी आणि दोन वाक्ये. प्रत्येक ओळीला मागच्या ओळीचा किंवा माहीत असलेल्या नियमाचा टेकू आहे.

शिवारात काम करणारा माणूस हे लिहीत नाही. तो चौकट दोन खुंट्यांवर ठेवतो, दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करतो, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करतो. दोन खुणांच्या मधोमध खरी खूण. पाय थोडे लहानमोठे निघाले तरी ही रीत सांभाळून घेते, आणि वरच्या सिद्धतेत ‘पक्ष’ म्हणून गृहीत धरलेली गोष्ट ती शिवारातच तपासून पाहते. तीही कारणावरच उभी आहे : चढ जितका दोरीला एकीकडे सरकवतो तितकाच उलट ठेवल्यावर दुसरीकडे. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पहिलीत कारणे कागदावर मांडली आहेत, दुसरीत ती हाताच्या सवयीत आहेत. शाळेने पहिलीकडे न्यायचे हे खरे, पण दुसरीवरून न्यायचे की तिला बाजूला ठेवून, इथे मते फुटतात.

रकान्याच्या बाजूने

पहिला पक्ष म्हणतो की कारण उघड लिहायला लावल्याशिवाय चूक पकडताच येत नाही. दोन बाजू आणि एक कोन जुळला की मुले बिनधास्त त्रिकोण एकरूप ठरवतात. कोन त्या दोन बाजूंच्या मधला असेल तर बाकोबा कसोटी लागू होते. कोन बाहेरचा असेल तर ‘बाबाको’ अशी कसोटीच नाही, कारण त्याच मापांचे दोन वेगवेगळे त्रिकोण काढता येतात. कारणाचा रकाना नसेल तर ही चूक उत्तराच्या ओघात दडून जाते. रकाना असला की मुलाला कसोटीचे नाव लिहावेच लागते आणि शिक्षकाची नजर तिथे थांबते.

दुसरा मुद्दा वर्गाचा आहे, आणि माणसारख्या भागात तो मला फार वजनदार वाटतो. रयत शिक्षण संस्थेने आणि इतरांनी या दुष्काळी पट्ट्यात माध्यमिक शाळा नेल्या, त्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरात दहावीची भूमिती पाहिलेले कोणी नसते. मेंढपाळ कुटुंबातल्या मुलाला घरी ‘इथे काय लिहायचे असते’ हे सांगणारा नसतो. अशा मुलाला सलग, ऐटदार गद्यात युक्तिवाद लिहायला सांगणे म्हणजे भाषेची आणखी एक परीक्षा घेणे होय. ठरलेली मांडणी त्याला निदान सुरुवात देते, आणि भरलेल्या वर्गाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकालाही ती पेलते.

तिसरा मुद्दा अनपेक्षित दिशेने येतो. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९० च्या दशकात व्यावसायिक गणितज्ञांनाच सांगितले की सलग गद्यातल्या सिद्धतांत चुका लपतात, म्हणून पायऱ्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक पायरीचा आधार स्पष्ट लिहा. शाळेत बालिश म्हणून हिणवली जाणारी शिस्त त्यांनी संशोधनासाठी सुचवली. आज संगणकाकडून सिद्धता तपासून घेण्याच्या कामातही एकूण एक पायरीचा आधार द्यावा लागतो.

आक्षेप

आक्षेप घेणारे शिस्तीच्या विरोधात नाहीत. त्यांचा रोख शिस्तीने काय झाकले जाते यावर आहे. शेरॉन सेंक यांच्या १९८५ च्या अभ्यासात वर्षभर भूमिती शिकलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३० टक्केच सिद्धतालेखनात समाधानकारक पातळीवर पोचले होते. ॲलन शोनफेल्ड यांनी १९८८ मध्ये एका चांगल्या मानल्या गेलेल्या दहावीच्या वर्गाचे निरीक्षण मांडले. मुलांनी गुण मिळवले, पण सिद्धता म्हणजे मांडणीचा नमुना अशी त्यांची समजूत झाली. नुकतेच जे सिद्ध केले त्याचा रचना करताना उपयोग होतो, हे त्यांना सुचत नसे. कंपास घेऊन ती अंदाजाने रेघा मारून पाहत. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने आपल्या मानकांत दोन रकान्यांच्या सिद्धतेवरचा भर कमी करावा असे सुचवले. गणितज्ञ पॉल लॉकहार्ट यांनी तर या मांडणीवर कडाडून टीका केली आहे.

या टीकेच्या मुळाशी एक विचार आहे. गिला हॅना यांनी खात्री पटवणारी सिद्धता आणि उलगडून सांगणारी सिद्धता असा भेद केला. मायकेल डी व्हिलियर्स यांनी त्यात शोध लावणे, ज्ञानाची जुळणी करणे, इतरांशी संवाद करणे ही कामेही धरली. गणेश दैवज्ञांची वर्तुळाची उपपत्ती उलगडून सांगणारी आहे. रकान्यातली सिद्धता बहुधा खात्रीच्या कामाची. इंग्लंड-वेल्समध्ये हीली आणि हॉयल्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बीजगणितातला असला तरी इथे लागू पडतो. शिक्षक जास्त गुण कशाला देतील असे विचारल्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी चिन्हांत मांडलेली औपचारिक सिद्धता निवडली, आणि स्वतःसाठी शब्दांत समजावलेली.

आपल्या ‘कृती’ प्रश्नाला हा आक्षेप आणखी जोराने लागतो. सिद्धतेतले अवघड काम म्हणजे कोणती विधाने हवीत आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणे. ए-फ्रेमच्या उदाहरणात सगळी मेख अम ही सामाईक बाजू दिसण्यात आहे. ती ओळ छापून मिळाली की उरते ते फक्त चौकोन भरण्याचे काम. कृतीमुळे अडखळणाऱ्या मुलाला काही गुण हाती लागतात, आणि तो लाभ खोटा नाही. पण ७ गुणांचे चौकोन भरता येणे म्हणजे सिद्धता येणे, असे धरून चालू नये असे मला वाटते.

मधले मार्ग

दोन्ही बाजू ऐकून घेणाऱ्यांनी काही वाटा काढल्या आहेत. हॉलंडचे पिएर आणि दीना व्हान हिले या दांपत्याने १९५७ मध्ये मांडलेल्या टप्प्यांचा त्यांना आधार आहे. आकृती नुसती ओळखणे, तिचे गुणधर्म सांगणे, गुणधर्मांतले नाते पाहणे आणि मग अनुमानाने सिद्ध करणे, असा तो चढ आहे. चौकोनाचे गुणधर्म अजून सुटेसुटे पाहणाऱ्या मुलापुढे सिद्धता ठेवली तर पाठांतराखेरीज त्याच्या हाती काही लागत नाही, असा त्याचा अर्थ.

जपानमध्ये मियाझाकी, फुजिता आणि इंग्लंडचे जोन्स यांनी ओघतक्त्याची पद्धत वापरून पाहिली. विधाने चौकटींत, बाणांनी जोडलेली, आणि प्रश्न मुद्दाम खुला : हे दोन कोन समान दाखवायला कोणते त्रिकोण घ्याल, कोणती कसोटी लावाल? उत्तरे एकाहून जास्त. मूल शेवटाकडून मागे येते, जे सिद्धता सुचताना आपण सगळेच करतो आणि लिहिताना पुसून टाकतो. आपल्याकडे काही शिक्षक हेच तोंडी करून घेतात. साध्य फळ्याच्या तळाशी लिहायचे आणि ‘हे मिळायला आधी काय मिळायला हवे?’ असे विचारत वर चढायचे. मग तेच उलटे लिहायचे. रकाना शेवटी येतो, पक्की प्रत म्हणून. माझा कल या वाटेकडे आहे, कारण तिच्यात मुलाला मिळणारा आधार टिकतो आणि विचारही त्याच्याच हाती राहतो.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न, कारण किती खोल द्यायचे? समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे शाळेत शिरःकोनाचा दुभाजक काढून बाकोबाने सिद्ध करतात. तो दुभाजक समोरच्या बाजूला तिच्या दोन टोकांच्या दरम्यानच छेदतो, हे आपण आकृती पाहून मान्य करतो. पॅपसने ही रचनाही टाळली : ∆अबक ची तुलना ∆अकब शीच करा, म्हणजे त्रिकोणाची त्याच्या उलट्या रूपाशी, आणि बाकोबा लावा. सिद्धता दोन ओळींत संपते. तरी ती वर्गात क्वचित दिसते, कारण त्रिकोण स्वतःशीच एकरूप दाखवणे मुलांना फसवणुकीसारखे वाटते.

दुसरा प्रश्न त्याहून खोचक आहे. प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, अशी एक प्रसिद्ध खोटी सिद्धता आहे. राउझ बॉल यांनी ती १८९२ मध्ये छापली. ∆अबक मध्ये ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक प मध्ये मिळतात असे घ्या. प पासून अब वर पय आणि अक वर पर हे लंब टाका. कोनदुभाजकामुळे पय = पर आणि अय = अर. लंबदुभाजकामुळे पब = पक. कर्णभुजा कसोटीने यब = रक. बेरीज करून अब = अक. प्रत्येक ओळीला बिनचूक कारण आहे, शेवटच्या बेरजेपुरते ‘आकृतीवरून’ एवढेच आहे, आणि घोळ तिथेच आहे. नीट आकृती काढली तर प त्रिकोणाच्या बाहेर पडतो. दोन लंबांपैकी एकाचा पाय बाजूवर येतो, दुसऱ्याचा वाढवलेल्या बाजूवर, आणि एकीकडे बेरजेऐवजी वजाबाकी करावी लागते. हा ‘दरम्यान’चा प्रश्न युक्लिडनेही आकृतीवरच सोडला होता. तो काटेकोरपणे हाताळला गेला १८८२ मध्ये पाश आणि १८९९ मध्ये हिल्बर्ट यांच्याकडून. शाळेत तो सगळा आणणे शक्य नाही, आणि अमेरिकी परिषदेने १९८९ मध्ये दरम्यानपणाच्या प्रमेयांवरचा भरही कमी करायला सांगितले होते. मग ‘आकृतीवरून’ हे कारण कुठे चालवायचे आणि कुठे अडवायचे? यावर शिक्षकांत एकवाक्यता नाही.

तिसरा प्रश्न गुणांचा. विधान बरोबर आणि कारण चुकीचे असेल तर अर्धा गुण द्यायचा की शून्य? मुलाने दोन पायऱ्या एकत्र केल्या तर? पाठ्यपुस्तकाहून वेगळी पण शुद्ध सिद्धता ग्राह्य धरली पाहिजे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तरी मुले धोका पत्करत नाहीत. आणि वर सांगितलेले वर्गातले अभ्यास अमेरिका, इंग्लंड, जपानमधले आहेत. बाकोबा, कोबाको असे सुटसुटीत मराठी शब्द तोंडात असलेल्या मुलाला कारण लिहिणे सोपे जाते की नुसते उच्चारणे सोपे जाते, हा प्रश्न आपल्याच वर्गांत बसून पाहण्याचा आहे.

प्रश्नपत्रिका बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट करून पाहता येईल. गणिताच्या १०० पैकी २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन शाळेच्या हाती आहे. त्यात रिकाम्या चौकोनाऐवजी पूर्ण लिहिलेली, पण एका ओळीत चूक असलेली सिद्धता द्यावी आणि कोणती ओळ उभी राहत नाही, का राहत नाही, ते मुलांना विचारावे. दुसऱ्या वेळी फक्त पक्ष, आकृती आणि सात सुट्या चिठ्ठ्या द्याव्यात, क्रम त्यांनीच लावावा. ए-फ्रेमची सिद्धता त्यासाठी सोयीची आहे, आणि चौकट तयार करायला दोन बांबू, एक पट्टी, सुतळी आणि दगड पुरतो.